वाचकांचे प्रश्न : मेडिकलच्या वाटेवर मानसशास्त्र आणि समाजशास्त्र

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना सोशल आणि बिहेवियरल सायन्सचे कोर्स का लागतात, किती लागतात आणि कोणते चालतात, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. दोन पत्रं इथल्याच शिक्षणाबद्दल आहेत, पण गोंधळ त्याच जातीचा आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझी नात अमेरिकेतच जन्मली आणि तिथल्या विद्यापीठात जीवशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचं म्हणते. काही मेडिकल कॉलेजं ‘सोशल अँड बिहेवियरल सायन्स, ६ तास’ असं लिहितात, काही नुसतं ‘शिफारस’ म्हणतात, काही काहीच म्हणत नाहीत. मानसशास्त्राचा एक कोर्स तिने केला आहे. तेवढा पुरेल का? (राजारामपुरी)

सर, एक कोर्स पुरणार नाही. पण आणखी दोन कोर्सांत बहुतेक सगळं भागतं, आणि दुसऱ्या वर्षाला असल्याने तिच्या हाताशी वेळही आहे.

आपल्याकडे नीटचे गुण आले की प्रवेशाचा निकाल लागतो. तिकडे चार वर्षांची पदवी आधी, मेडिकल नंतर, आणि कोणते विषय शिकून यायचं हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. स्टॅनफर्ड ठरावीक कोर्सांची सक्ती करत नाही, तयारी कशी असावी एवढंच सांगतं. जॉन्स हॉपकिन्सच्या नियमावलीत मात्र ह्युमॅनिटीज, सोशल आणि बिहेवियरल सायन्स मिळून २४ सेमिस्टर तास येतात आणि त्यातले किमान दोन कोर्स लेखनप्रधान असावे लागतात. बाकीची कॉलेजं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. त्यामुळे ‘अमेरिकेत काय लागतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘या पंधरा कॉलेजांत काय लागतं’ याला आहे.

म्हणून तिला या उन्हाळ्यात एक तक्ता करायला सांगा. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी, तिची एमएसएआर नावाची यादी आहे. एमडी (तिकडे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) देणाऱ्या सगळ्या कॉलेजांच्या अटी तिथे सापडतात. त्यातून पंधरा-वीस कॉलेजं निवडावीत आणि मग प्रत्येकाचं स्वतःचं प्रवेशाचं पान उघडून पडताळावं, कारण अटी वर्षागणिक बदलतात. तक्त्यात इतके रकाने हवेत: सक्ती की शिफारस, किती तास, एपीचं (शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेचं) क्रेडिट चालतं का, ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स चालतो का, पास-फेल चालतं का, कोर्स कधीपर्यंत पुरा हवा. तक्ता भरला की जे कॉलेज सगळ्यांत कडक त्याच्या हिशेबाने कोर्स ठरवायचे. सैल अटींची कॉलेजं त्यात आपोआप बसतात.

आमचा सल्ला तीन कोर्सांचा आहे. इंट्रोडक्टरी सायकॉलॉजी तिने केलीच आहे. येत्या सेमिस्टरला इंट्रोडक्टरी सोशिऑलॉजी घ्यावी. तिसरा कोर्स वरच्या पातळीचा असावा, म्हणजे मेडिकल सोशिऑलॉजी, मेडिकल अँथ्रॉपॉलॉजी किंवा अॅबनॉर्मल सायकॉलॉजी यांपैकी एक. प्रत्येकी ३ प्रमाणे ९ सेमिस्टर तास झाले. ज्याला ६ हवेत त्याचं भागलं, आणि वरच्या पातळीचा एक कोर्स मागणाराही समाधानी झाला.

आता तासांचा हिशेब. इथे हमखास चूक होते. ‘तास’ म्हणजे आठवड्याला तेवढे तास वर्ग, पूर्ण सेमिस्टरभर. तिचं विद्यापीठ सेमिस्टर पद्धतीचं असेल तर ३ क्रेडिटचा कोर्स म्हणजे ३ तास, विषय संपला. पण काही विद्यापीठं वर्षाचे तीन क्वार्टर करतात, आणि एक क्वार्टर तास हा सेमिस्टर तासाच्या दोन तृतीयांशच असतो. ४ क्वार्टर क्रेडिटचे दोन कोर्स केले की मुलांना वाटतं ८ झाले. सेमिस्टरच्या मापाने ते ५.३३ भरतात आणि ६ ची अट हुकते. अशा ठिकाणी तिसरा कोर्स घ्यावाच लागतो. हा हिशेब नोंदणीच्या वेळी केला तर बरं. अर्ज भरताना कळलं तर शेवटच्या उन्हाळ्यात घाईघाईने वर्ग शोधत फिरावं लागतं.

दुसरी चूक पास-फेलची. रसायनशास्त्र जड जातंय म्हणून मुलं मानसशास्त्र नुसतं ‘पास’ वर टाकतात. सक्तीचा कोर्स असेल तर पुष्कळ कॉलेजांना अक्षरश्रेणी लागते, आणि साधारण सी किंवा त्याहून वर. तिने हे तीनही कोर्स श्रेणीवरच घ्यावेत.

क्रमाबद्दल एवढंच की, सक्तीचे कोर्स अर्जाच्या दिवशी संपलेले नसले तरी बहुतेक ठिकाणी चालतं, मेडिकलला रुजू होण्यापूर्वी संपले की झालं. एमकॅट, म्हणजे तिथल्या मेडिकल प्रवेशाची परीक्षा, तिचं तसं नाही. ती तिसऱ्या वर्षाच्या वसंतात द्यायची तर सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी दोन्ही त्याआधी व्हायला हवेत. वरच्या पातळीचा कोर्स चौथ्या वर्षी केला तरी बिघडत नाही.

प्रश्न : मुलाने तिकडे अर्थशास्त्राचा एक, राज्यशास्त्राचा एक आणि पब्लिक हेल्थचा एक असे कोर्स केलेत. त्याच्या विद्यापीठात तिन्ही ‘सोशल सायन्स’ म्हणूनच मोजले गेले. मग मेडिकल कॉलेज ते का मोजणार नाही? (इचलकरंजी)

कारण पदवीसाठीची मोजणी वेगळी आणि मेडिकलसाठीची वेगळी. त्यातही मेडिकलसाठी दोन वह्या असतात, त्या एकत्र करू नका.

पहिली वही अर्जाची. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज ॲमकास या एकाच सेवेतून जातो. तिथे विद्यार्थ्याने प्रत्येक कोर्स कोणत्या खात्यात बसतो ते स्वतः लिहायचं असतं, मग ॲमकासची माणसं ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाशी, ताडून पाहतात आणि गरज वाटली तर बदलतात. ‘बिहेवियरल अँड सोशल सायन्सेस’ या खात्यात मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र आणि कुटुंबविषयक अभ्यास येतात. राज्यशास्त्र आणि कायदा यांचं खातं निराळं, इतिहासाचं निराळं. पब्लिक हेल्थ आरोग्यशास्त्रांच्या खात्यात जातं. म्हणजे तुमच्या मुलाच्या तीन कोर्सांपैकी या खात्यात एकटं अर्थशास्त्र बसतं.

दुसरी वही प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या स्वतःच्या अटीची. एखादं कॉलेज राज्यशास्त्रही सोशल सायन्स म्हणून धरेल, एखादं धरणार नाही. इथे तर्क लढवत बसू नये, विचारावं. प्रवेश कार्यालयाला चार ओळींची ईमेल पुरते: कोर्सचा क्रमांक, नाव, क्रेडिट, कोणत्या विभागाने शिकवला, आणि ‘तुमच्या अमुक अटीत हा धराल का’ एवढा एकच प्रश्न. कोर्सची रूपरेषा जोडायची. आलेलं उत्तर तारखेसकट जपून ठेवायचं. तोंडी होकारावर विसंबू नये, फोनवर बोललेला माणूस पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही.

आणखी दोन बारकावे. अर्जात विज्ञानाची सरासरी वेगळी काढतात, तीत फक्त जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित धरतात. मानसशास्त्रातला ए या सरासरीला हात लावत नाही, एकूण सरासरीला मात्र उचलतो. पण न्यूरोसायन्स जीवशास्त्रात मोजतात आणि स्टॅटिस्टिक्स गणितात. कोर्समध्ये मुख्यतः काय शिकवलं ते इथे बघतात, त्यामुळे मानसशास्त्र विभागाने शिकवलेलं स्टॅटिस्टिक्स गणितात दाखवता येतं. मात्र तोच कोर्स गणितालाही आणि सोशल सायन्सलाही असा दोनदा खर्ची घालता येईल अशी आशा धरू नये.

मुलाला सांगायचं तर, झालेले कोर्स वाया गेले नाहीत. पण अर्थशास्त्राने एमकॅटला काडीचीही मदत होत नाही. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी त्याने तरीही घ्यावेतच.

प्रश्न : भाच्याला शाळेत असताना एपी सायकॉलॉजीत ५ गुण मिळाले. विद्यापीठाने ३ क्रेडिट दिली. आता तोच विषय परत कशाला शिकायचा? (शाहूपुरी)

तोच परत शिकू नये. त्याच्या वरचा शिकावा.

एपीचं क्रेडिट मेडिकल कॉलेजने मानायचं तर विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर विषयाचं नाव आणि क्रेडिटचा आकडा दोन्ही स्पष्ट हवेत. नुसतं ‘एपी क्रेडिट : १८’ असं एकगठ्ठा लिहिलेलं असेल तर रजिस्ट्रारकडून विषयवार करून घ्यावं. एवढं करूनही काही कॉलेजं एपी मान्य करत नाहीत, आणि काही म्हणतात की एपी धरतो, पण त्याच विषयात वरचा एक कोर्स दाखवा. डेव्हलपमेंटल, सोशल किंवा अॅबनॉर्मल सायकॉलॉजीपैकी एक घेतला की दोन्ही शंका मिटतात. पुन्हा प्राथमिक कोर्सला बसला तर एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही, विद्यापीठ सहसा एपीचं काढून टाकतं.

समाजशास्त्राची एपी परीक्षाच नसते. तो कोर्स त्याला कॉलेजातच करावा लागेल.

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. मानसशास्त्र जादा विषय घेतला तर एमबीबीएसच्या प्रवेशाला फायदा होईल का? (जयसिंगपूर)

प्रवेशाला नाही. नीटचे १८० प्रश्न आणि ७२० गुण, त्यात भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. पात्रतेला बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी बघतात. आवड असेल तर घ्यावं, गुणांच्या आशेने घेऊ नये. एमबीबीएसला लागल्यावर मात्र हा विषय भेटतोच. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचा एटकॉम हा भाग सगळ्या वर्षांत आहे, शिवाय कम्युनिटी मेडिसिन आणि मानसोपचार आहेतच.

प्रश्न : माझी एमकॅट अडीच महिन्यांवर आहे. सुट्टीत घरी, कोल्हापुरात आले आहे. विज्ञानाचे विभाग ठीक आहेत, पण सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीच्या विभागात सराव परीक्षेला गुण वरच जात नाहीत. सायकॉलॉजी शिकले आहे, सोशिऑलॉजीचा कोर्स झालेला नाही. सगळं वाचलं तर सोपं वाटतं आणि उत्तरं चुकतात. (ताराबाई पार्क)

‘सोपं वाटतं आणि चुकतं’ यातच तुझ्या अडचणीचं निदान आहे. हा विभाग रोजच्या जगण्याबद्दल बोलतो, म्हणून आपण रोजच्या समजुतीने उत्तर देतो. परीक्षेला मात्र नेमकी संज्ञा हवी असते, आणि शेजारच्या पर्यायात तिची सख्खी बहीण बसलेली असते.

आधी विभागाचा आराखडा डोळ्यांसमोर आण. २०१५ साली एमकॅट बदलली तेव्हा हा विभाग आला. ५९ प्रश्न, ९५ मिनिटं, गुण ११८ ते १३२. दहा उतारे आणि त्यांवर ४४ प्रश्न, बाकीचे १५ सुटे. प्रत्येक उताऱ्याला ८ मिनिटं आणि सुट्या प्रश्नाला १ मिनिट धर, बरोबर ९५ होतात. विषयांची वाटणी साधारण ६५ टक्के मानसशास्त्र, ३० टक्के समाजशास्त्र, ५ टक्के जीवशास्त्र. म्हणजे सोशिऑलॉजीचे जवळपास १८ प्रश्न आहेत, आणि तू तो कोर्सच केलेला नाहीस. गुण तिथेच अडलेत असा आमचा अंदाज आहे. सराव परीक्षेतले चुकलेले प्रश्न दोन ढिगांत टाकून मोज, दहा मिनिटांत खात्री होईल.

तयारीचा पाया म्हणून एएएमसीने दिलेली विषयांची यादी घे. ती मोफत मिळते. तीतली प्रत्येक संज्ञा एका कार्डावर: मागे व्याख्या एका ओळीत, त्याखाली स्वतःचं एक उदाहरण, त्याखाली ‘हिच्याशी गल्लत होते’ म्हणून दुसऱ्या संज्ञेचं नाव. ही तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची. रोज पंचवीस नवी कार्डं, आणि आदल्या दिवसांची उजळणी. पहिले तीन आठवडे सोशिऑलॉजीला दे, तुझी कच्ची बाजू तीच आहे. पुढचे तीन मानसशास्त्राच्या संज्ञांना. उरलेला वेळ उताऱ्यांना.

उदाहरणं पुस्तकातली पाठ करू नकोस, इथली घे. ती विसरत नाहीत.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना आठव. आपल्या तालमीच्या खेळाडूचा पाय लागला तर ‘चुकून लागला रे’, समोरच्याचा लागला तर ‘त्यो हायच तसला’. आपल्या गटाला झुकतं माप ही इन-ग्रुप फेव्हरिटिझम. समोरच्याच्या वागण्याचं खापर परिस्थितीवर न फोडता त्याच्या स्वभावावर फोडणं हा फंडामेंटल अॅट्रिब्यूशन एरर. परीक्षेत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी येतात. प्रश्न गटाच्या पक्षपाताबद्दल आहे की कारण कशाला चिकटवलं त्याबद्दल, ते आधी ठरव.

शाहू महाराजांची बोर्डिंगं घे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढे वेगवेगळ्या जातींसाठी वसतिगृहं झाली. खेड्यातल्या पोराला राहायला-जेवायला मिळालं, हे आर्थिक साहाय्य. पुढे उपयोगी पडणाऱ्या ओळखी झाल्या, हे सोशल कॅपिटल. शहरातली भाषा, परीक्षेची रीत, कचेरीत बोलायची पद्धत अंगी आली, हे कल्चरल कॅपिटल. आणि २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या. इथे एका माणसाची धडपड बदलली नाही, संस्थेचा नियम बदलला. सोशिऑलॉजीत व्यक्ती आणि रचना यांतला फरक विचारतात तो हाच. तू कोल्हापूरची आहेस, हे पुस्तकाआधीच तुझ्या गाठीला आहे.

२०१९ च्या महापुराने सोशल सपोर्ट समजतो. बोट, भाकरी, कोरडे कपडे दिले तो इन्स्ट्रुमेंटल. पाणी कुठवर चढलंय, कोणता रस्ता बंद आहे हे कळवलं तो इन्फर्मेशनल. रात्रभर शेजारी बसून धीर दिला तो इमोशनल.

हमखास चुकणारी जोडी म्हणजे नेगेटिव्ह रीइन्फोर्समेंट आणि पनिशमेंट. ‘नेगेटिव्ह’ म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेतलं एवढंच. ‘रीइन्फोर्समेंट’ म्हणजे वागणूक वाढली. अभ्यासाला बसलं की आईची बोलणी थांबतात आणि म्हणून पोरगं रोज बसायला लागतं, ही नेगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. उशिरा आल्याबद्दल मोबाइल काढून घेतला आणि उशिरा येणं कमी झालं, ही नेगेटिव्ह पनिशमेंट. दोन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचार: काही दिलं की काढलं? वागणूक वाढली की घटली? चूक राहणार नाही.

उताऱ्यांबद्दल. साधारण पाचातला एक प्रश्न संशोधनाची मांडणी किंवा आकडे वाचणं यावर असतो, म्हणजे ५९ पैकी बाराएक. म्हणून आलेख आणि तक्ता आधी बघ, मग उतारा वाच. काय बदललं, काय मोजलं, माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत विभागली होती का, हे कागदावर तीन खुणांत लिही. तशी विभागली नसतील तर ‘अमुकमुळे तमुक झालं’ म्हणणारा पर्याय लगेच खोड. नुसत्या सहसंबंधावरून कारण ठरत नाही, आणि असा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

एएएमसीच्या स्वतःच्या सराव परीक्षा शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेव, एका आठवड्याला एक, पूर्ण वेळ लावून, चारही विभाग. हा विभाग सगळ्यांत शेवटी येतो. घरी एकटाच सोडवला तर ताज्या डोक्याने सोडवला जातो आणि मिळालेले गुण फसवतात. तयारी कमी वाटली तर तारीख पुढे ढकल. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच परीक्षा देता येते, आणि दिलेल्या प्रत्येक खेपेचे गुण कॉलेजांना दिसतात.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठातून मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावी आर्ट्सची. सोशल सायन्सची अट तर माझी पूर्ण आहे, मग अमेरिकेत मेडिकलला अर्ज करता येईल का? (गडहिंग्लज)

ताई, तुमची जिद्द समजते, म्हणून खरं तेच लिहितो. या वाटेने जाऊ नका.

भारतातल्या पदवीचे कोर्स ॲमकास तपासून मोजत नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजांना अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले कोर्स हवे असतात, काहींना तर ९० सेमिस्टर तास तिथलेच लागतात. म्हणजे तुमचं मानसशास्त्र तिथे या अटीत धरलं जाणार नाही, आणि प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, रसायन, भौतिक हे सगळं तिकडे नव्याने करावं लागेल. एवढं करूनही तिथले नागरिक नसलेल्यांना घेणारी कॉलेजं मोजकीच आहेत, आणि त्यांतली काही पुढच्या वर्षांची फी आगाऊ वेगळ्या खात्यात ठेवून दाखवायला सांगतात. कोणी एजंट ‘क्रेडिट ट्रान्सफर करून देतो’ म्हणाला तर आधी त्या मेडिकल कॉलेजचं लेखी पत्र मागा.

तुमच्यापुढे दोन रस्ते खरे आहेत. डॉक्टरच व्हायचं असेल तर बारावीनंतर जादा विषय म्हणून मान्य मंडळातून भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी उत्तीर्ण झालेल्यांना नीट देता येते, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. नीटला वयाची वरची मर्यादा आता नाही. दोन वर्षं पूर्ण झोकून द्यावी लागतील, हे घरच्यांशी आधी बोला. अमेरिकेत काम करण्याची इच्छा एमबीबीएसनंतर यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या वाटेने पुरी करता येते, आणि त्या परीक्षेतही वर्तनशास्त्र आणि रुग्णाशी संवाद यांवर प्रश्न असतात.

रुग्णांसोबत काम करायचं, पण औषधं लिहून देण्याचा हट्ट नसेल, तर मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यानंतर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम करा. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. संस्थेच्या माहितीपत्रकावर छापलेली मान्यता जुनी असू शकते.